मंजुळाबायच्या होऱ्या

मंजुळाबाय घरत आधी माणसाकडे निरखून बघायच्या आणि मगच त्याचा ग्लास भरायला घ्यायच्या. टेबलापलीकडे उभं असलेलं पोर लाजरं आहे की द्वाड, आज कुणाशी भांडून आलंय की घरून ओरडा खाऊन, हे त्यांना एका नजरेत कळायचं. तळाशी कोकमाचं नाहीतर जांभळाचं सरबत, त्यावर बर्फाचे खडे, मग कडेकडेने हळूच सोडा आणि अगदी शेवटी आइस्क्रीमचा गोळा. सोडा फसफसून वर यायचा आणि गोळा त्या फेसावर डुलायला लागायचा. मग त्या गोळ्याला नाक, डोळे, टोपी. लाजऱ्या पोराच्या गोळ्यावर वेफर बिस्किटाची छत्री अशी तिरकी बसायची की त्याचं तोंड झाकून जावं. भांडकुदळ पोराच्या गोळ्याला काजूची दोन शिंगं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकरकाका यांना त्यांनी एकदा केशराच्या काड्यांच्या तीन आठ्या घातलेला गोळा दिला होता. काकांनी तो निम्मा खाल्ला, आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

याला हॉटेलात आइस्क्रीम फ्लोट म्हणतात. बाय म्हणायच्या, होरी. होरी म्हणजे होडी.

"पान्यावर तरंगतं ना? मंग होरीच ती," असं त्यांचं म्हणणं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नवीन पनवेलच्या टोकाला, विचुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची नवी इमारत उभी राहिली होती. आम्ही सगळे ठाण्या-मुंबईहून, पुण्याकडून आलेले. घरत तेवढे इथले. बायचं माहेर उरणकडच्या खाडीवर, वडिलांचं मिठागर. नवरा बंदरात क्रेनवर होता, नुकताच रिटायर झालेला. माझा दरवाजा त्यांच्या दरवाजासमोर. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मी 'टीचर'.

पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. बाय जिन्यात भेटेल त्या लहान मुलीला "काय गो बाय" म्हणायच्या. त्यांच्याकडे मुलीबाळींना प्रेमाने बाय म्हणतात, आणि वडीलधाऱ्या बाईलाही बायच म्हणतात. आमच्या इमारतीतल्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलींना वाटलं, या आजी निघाल्या. त्या हात हलवून "बाय बाय आजी" म्हणायच्या आणि बाय तिथेच उभ्या. शेवटी एकीने आईला विचारलं, "त्या आजी सारख्या जाते म्हणतात आणि जात का नाहीत?" हे बायच्या कानावर गेलं तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

त्यांचं हसणं मोठं होतं. बोलणंही मोठं. सोसायटीतल्या काही बायकांना ते जरा गावंढळ वाटायचं. बायला ते कळत होतं, पण त्याचा राग त्यांनी कधी धरला नाही. "मिठागरान बोलायचा म्हंजे या बांधावरून त्या बांधाला आयकू जायला पायजे," त्या म्हणायच्या. "हलू बोलायची सवयच नाय लागली."

होरीची कथा सुरू झाली ती त्यांच्या मुलाच्या, नितीनच्या पहिल्या पगाराला. त्याने आईवडिलांना वाशीच्या एका चांगल्या हॉटेलात नेलं आणि आईसाठी कोलावर आइस्क्रीम घातलेला उंच ग्लास मागवला. बायने त्याला हातही लावला नाही. त्या नुसत्या बघत बसल्या. गोळा कसा वर राहतो, फेस कुठून येतो, कडेला बर्फ लागतो तिथे कसे कण धरतात, सगळं. नितीन म्हणाला, "आये, पी ना, विरघळतंय." बाय म्हणाल्या, "विरघलू दे. बगतंय मी." शेवटी ग्लासात तपकिरी चिखल उरला आणि नितीन चिडला. बाय मात्र घरी आल्या त्या सगळं शिकून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा दरवाजा वाजवला. हातात ग्लास. त्यांनी कोकम सरबतात सोडा घालून त्यावर दुकानचं व्हॅनिला सोडलं होतं. चव बरी होती, पण कोकमाच्या आंबटाने दूध फाटून वर चोथा जमला होता.

"टीचर, खरा सांग."

"बाय, फाटलंय."

"ता मना पन दिसतंय. चव सांग."

असे आठवडाभर ग्लास येत राहिले. संत्रं झालं, वाळा झाला, जांभूळ झालं. पण बायचा जीव कोकमात अडकला होता. एका सकाळी त्या दरवाजा न वाजवताच आत आल्या. "आगो, आपन येडे. कोकमाला नारलाचा दूध फाटतं काय? सोलकरी फाटतं काय कदी?" सोलकढी आपण सगळेच पितो. पण त्यावरून आइस्क्रीम नारळाच्या दुधाचं करायचं हे त्यांनाच सुचलं. त्या दुपारी मी जो ग्लास प्यायले त्याची चव अजून जिभेवर आहे. खाली लालबुंद, झिणझिण्या आणणारं कोकम, वर पांढरा, किंचित खडबडीत नारळाचा गोळा, आणि दोन्ही मिळतात तिथे गुलाबी.

नारळाचं आइस्क्रीम दुकानात कुठलं मिळणार? ते बाय घरी करायच्या, लाकडी बादलीत मधोमध डबा आणि वर हँडल असलेल्या जुन्या यंत्रावर. डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ. पिशवीतलं बारीक मीठ त्यांना चालायचं नाही. उरण नाक्याकडून त्या जाडं मीठ आणायच्या, आणि तेही दुकानदारासमोर खडा जिभेवर ठेवून. "हा गुजरातचा," असं म्हणून पुढच्या दुकानात. मिठाने बर्फ जास्त थंड का होतो हे मी त्यांना एकदा शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरा झाला सांगितलास. आमी लानपनापासना उगाच करत व्हतो."

हँडल फिरवायचं काम त्यांच्या नवऱ्याचं, घरतदादांचं. दादा फार कमी बोलायचे. इतके कमी की सोसायटीत काहींना ते बोलू शकत नाहीत असंच वाटायचं. ते मोरीजवळ पाट टाकून बसायचे आणि फिरवत राहायचे. बाय आतून ओरडायच्या, "थांबू नको, थांबलास की दगूर व्हईल!" दादा थांबत नसत. चव बघायचं कामही त्यांचंच. चमचा तोंडात घालून ते एक तर "हां" म्हणायचे किंवा "नाय". यापलीकडे दाद नाही. "नाय" आलं की बाय तो घाणा बाजूला ठेवून नवीन नारळ फोडायच्या.

मे महिन्यात पोरांच्या सुट्टीत पार्किंगमध्ये पार्टी करायची, असं सोसायटीने ठरवलं आणि सरबताची जबाबदारी बायने मागून घेतली. चाळीसेक मुलं, तेवढं आइस्क्रीम गोठवायला लागेल एवढा बर्फ घरच्या फ्रीजमध्ये होणं शक्य नव्हतं. बाय सकाळीच मासळी बाजारातून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून रिक्षाने घेऊन आल्या. जोगळेकरकाका गेटवरच उभे.

"घरतबाई, हा बर्फ मासळीबाजारातला?"

"हो काका. तितं सस्ता आनि कडक."

"अहो, पण आमच्याकडे शाकाहारी मंडळी आहेत. माशांचा बर्फ..."

"काका, मासं बरफान ठेवतात, बरफ माशान ठेवत नाय. आनि ह्यो डब्याचे भायेर बसनार. गिलासान माजे फ्रीजचा."

काकांनी रिक्षावाल्याला लादी उतरवायला हात दिला आणि मग पाच मिनिटं हात धूत बसले.

त्या पहिल्या पार्टीने बायला इमारतीत जागा मिळवून दिली. हळूच नाकं मुरडणाऱ्या बायका आपापल्या पोरांना कुठल्या तोंडाची होरी मिळाली हे एकमेकींना दाखवत होत्या. पुढच्या वर्षी मुलं एप्रिलपासूनच विचारायला लागली.

आणि त्याच दुसऱ्या वर्षी ते झालं.

तिसऱ्या मजल्यावर स्मिता राहायची. बँकेत नोकरी, नवरा जहाजावर, एकुलती मुलगी गार्गी, नऊ वर्षांची. गार्गीला लहानपणापासून मधुमेह होता. रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. स्मिताने हे इमारतीत फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. लोक मुलीकडे बिचारी म्हणून बघतील हे तिला नको होतं. पार्टीत खाणंपिणं सुरू व्हायच्या आधी ती गार्गीला काहीतरी निमित्त काढून वर बोलवायची. त्या दिवशी स्मिताला बँकेतून यायला उशीर झाला. गार्गी जिन्याच्या कठड्याला टेकून लांबून बघत उभी होती. बायने तिला पाहिलं. हडकुळी पोर, रांगेत येत नाही, म्हणजे लाजत असणार. बायने साखरेचा हात सैल सोडून जांभळाची होरी बनवली, गोळ्याला दोन वेण्या काढल्या आणि स्वतः नेऊन तिच्या हातात दिली.

गार्गीला खरं तर सगळं कळत होतं. पण नऊ वर्षांची मुलगी ती. निम्मा ग्लास संपला तेवढ्यात स्मिता गेटातून आत आली.

तिने ग्लास हिसकावला. तो फरशीवर फुटला. "काय दिलंत तुम्ही तिला? कुणाला विचारलंत? तुम्हाला काही कळतं का?" ती सगळ्यांसमोर ओरडत होती. मग मुलीला उचलून तशीच डॉक्टरांकडे गेली. आम्ही सगळे बघत राहिलो. मीही. मी बायच्या बाजूने एक शब्द बोलले नाही, हे मला अजून टोचतं. बाय खाली बसल्या आणि एकेक काच उचलायला लागल्या. दादा आले, त्यांनी बायचा हात धरून उठवलं आणि उरलेल्या काचा स्वतः गोळा केल्या.

गार्गीला फार काही झालं नाही. साखर वाढली होती, एक जास्तीचं इंजेक्शन लागलं, संध्याकाळी घरी आली. पण बायचा दरवाजा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद होता. मग तो उघडला, आणि बाय थेट तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मला राहवलं नाही, मी मागोमाग गेले. मला वाटलं, माफी मागायला चालल्या आहेत.

स्मिताने दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. तीच आधी म्हणाली, "काल मी फार बोलले."

"ता जाऊ दे," बाय म्हणाल्या. "मना शिकव."

"काय?"

"तिला काय चालतं, काय नाय. कवरा चालतं. मना कायच म्हाईत नाय, म्हनून झायला ना ता?"

स्मिता दारातच उभी राहिली. इतकी वर्षं तिने ही गोष्ट एकटीने सांभाळली होती आणि तिला त्याबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "आत या." मी तिथूनच परत फिरले.

पुढच्या तपासणीला बाय त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. स्मिता नंतर हसत सांगायची, डॉक्टरांनी इतके प्रश्न आयुष्यात कुणाचे ऐकले नसतील. नारळाचा चव चालतो का? दूध पहिलं की दुसरं? कोकमाचं आगळ चालेल का, साखर न घातलेलं? मीठ? डॉक्टर म्हणाले, नारळाचं दूध मापात चालेल, बिनसाखरेचं कोकम चालेल, पण घेण्याआधी आणि घेतल्यावर साखर तपासा. बाय फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण ते बोटाला टोचायचं छोटं यंत्र आणि त्यावरचा आकडा कुठे असावा, कुठे नसावा, हे त्यांना महिन्याभरात पाठ झालं.

मग वर्षभर प्रयोग. बिनसाखरेचं आइस्क्रीम करणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. साखर नसली की ते दगडासारखं गोठतं, आणि चव खडूसारखी. दादांचं "नाय" त्या वर्षी जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा कधी ऐकलं नव्हतं. बायने त्यात आल्याचा रस घातला, भाजलेलं जिरं घातलं, मिरचीचा नुसता वास लावला, चिमूट मीठ घातलं. आणि ठरवलं की हे साठवायचं नाही, हँडल थांबलं की लगेच वाढायचं, म्हणजे दगड व्हायला वेळच मिळणार नाही. दर घाण्याला गार्गी खाली यायची, अर्धा चमचा खायची, आणि कपाळाला आठ्या घालून मोठ्या माणसासारखं मत द्यायची. एप्रिलमध्ये एका दुपारी दादांनी चमचा तोंडात घातला, जरा थांबले आणि म्हणाले, "हां. अजून दे."

त्या तीन शब्दांवर बाय कितीतरी दिवस चालल्या.

पण खरी अडचण पुढेच होती. पार्टीआधीच्या मीटिंगमध्ये बायने सांगितलं, यंदा सगळ्यांना हीच होरी. बिनसाखरेची, खारी-आंबट.

जोगळेकरकाका म्हणाले, "अहो, मुलांना आइस्क्रीम गोडच पाहिजे. त्या एका मुलीसाठी वेगळा ग्लास करा ना, आमची ना नाही."

"येगला गिलास म्हंजे येगली पोरी," बाय म्हणाल्या. "सगली विचारतील, हिचा असा का? तसा मी नाय करनार."

"आणि मुलांना आवडलं नाही तर?"

"तर फुरच्या सालापासना मी होरी करनार नाय. दुकानातना आना."

बाय असं काही बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं. होरीशिवाय मे महिना ही कल्पना त्या वेळी आम्हाला मोठ्यांनाही नकोशी झाली होती. शेवटी स्मिता उठली आणि तिने पहिल्यांदाच सगळ्यांसमोर गार्गीच्या आजाराबद्दल, इंजेक्शनांबद्दल सांगितलं. पाचच मिनिटं बोलली. ती खाली बसल्यावर काका हलकेच म्हणाले, "ठीक आहे. बर्फाच्या लादीचं मी बघतो."

पार्टीच्या दिवशी ते खरंच मासळी बाजारात गेले. नाकाला रुमाल लावून, पण गेले.

रांगेत गार्गी तिसरी होती. नवा फ्रॉक, दोन्ही हात पाठीमागे. बायने तिच्याकडे नेहमीसारखं निरखून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतायत. मग गोळा सोडला, आणि त्यावर भिजवलेल्या कोकमाची एक लांब फोड लावली, या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं तोंड. गार्गीने ग्लास दोन्ही हातांत धरला. शेजारी स्मिता उभी होती. या वेळी तिने मुलीला वर बोलावलं नाही.

मुलांनी पहिला घोट घेतला. मग एका मुलाने तोंड वाकडं करून ओरडून सांगितलं, "आजी, साखर विसरलीस!" दोन-चार मुलांनी ग्लास टेबलावर ठेवून दिले. बायच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या फक्त गार्गीकडे बघत होत्या.

गार्गी थांबत थांबत, गोळ्याचं हसू सगळ्यात शेवटी ठेवून, तळापर्यंत पोचली. मग तिने ग्लास बायपुढे धरला. "अजून मिळेल?"

"आज नाय बाय," बाय म्हणाल्या. "एकच. डाक्टरना बोललंय मी. उद्या ये, पुना देतंय."

आणि मग पदर तोंडाला लावून त्या पाठमोऱ्या झाल्या. दादांनी चमचा हातात घेतला आणि पुढच्या चार मुलांचे ग्लास त्यांनी भरले. त्या चारही गोळ्यांना डोळे तेवढे होते, नाक नव्हतं.

सगळ्या मुलांना ती होरी आवडली असं सांगितलं तर खोटं होईल. निम्मे ग्लास अर्धवट राहिले. पण मोठ्यांनी ते संपवले. जोगळेकरकाका खुर्ची ओढून कोपऱ्यात बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "ही गोठलेली सोलकढी आहे हो. वर भात तेवढा नाही." त्यांचा तो दुसरा ग्लास होता.

पुढच्या मेपासून दोन होऱ्या झाल्या, गोडी आणि खारी. ज्याला जी हवी ती त्याने घ्यायची, कारण कुणी विचारायचं नाही. खारीची रांग मोठी असायची. इमारतीत कोण कोण साखरेचा आजार लपवून राहत होतं, तेही त्या रांगेतूनच कळलं. तिघेजण होते, त्यात मीटिंगमध्ये विरोध करणारे खुद्द काकाही.

दोन हजार चौदा-पंधरात माझ्या नवऱ्याची बदली नाशिकला झाली. त्याच सुमाराला नितीनने नेऱ्याला डोंगराखाली घर बांधलं, आणि बाय-दादाही तिकडे जायचे होते. नेऱ्याहून पनवेलच्या बाजाराला कुणाच्या मागे बसून यायचं हे बायला पटेना. साठी उलटलेली बाई म्हणाली, मी स्कूटर शिकणार. शिकवणारी गार्गी, तेव्हा अठरा वर्षांची, नुकतंच लायसन्स मिळालेलं, आवाज आता बायएवढाच मोठा.

आम्ही निघालो त्या सकाळी आमचा टेम्पो भरून गेटाच्या आत एका बाजूला उभा होता, पण बाहेर काढता येत नव्हता. कारण बाय स्कूटरवर इमारतीला फेऱ्या घालत होत्या आणि त्यांना थांबता येत नव्हतं. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, कोपरं बाहेर, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर. मागे गार्गी धावतेय. माझ्यासमोरून जाताना त्या निरोप देत होत्या, तोही हप्त्याहप्त्याने.

"टीचर, पोचलीस की फोन..."

आणि इमारतीमागे गेल्या. परत आल्या.

"...कर. डब्यान बोंबलाची चटनी हाय, तुझे सासूला..."

पुन्हा फेरी.

"...नको सांगू!"

मी हसत होते आणि माझे डोळे भरून येत होते. पुढच्या फेरीत मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले, निदान हात तरी लावता येईल म्हणून. त्या आल्या, माझ्या पुढे केलेल्या हातावर फटकन टाळी दिली, पण त्या नादात हँडल सरळच राहिलं. वॉचमनने कशीबशी गेटाची दांडी वर केली. मंजुळाबाय तिच्याखालून बाहेर पडल्या आणि थेट विचुंब्याच्या रस्त्याला लागल्या.

"आजी, ब्रेक! डावीकडचा ब्रेक!" गार्गी ओरडत मागे पळाली.

"म्हाईत हाय गो!" तिकडून खणखणीत आवाज आला. "पन आता जमतंय!"